तराईच्या रेघा

नागपुरात सध्या खूप बांधकाम चाललं आहे, ते एकदा बघून येतो, असं मी घरी सांगितलं. साताऱ्याच्या एका तंत्रनिकेतनात मी बांधकाम हाच विषय शिकवतो, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. फक्त बायकोने माझ्या बॅगेत कंदी पेढ्यांचा पुडा ठेवताना विचारलं, "पंचवीस वर्षांत नागपूरचं नाव काढलं नाहीत. आता एकदम कसं आठवलं?"

"मेट्रो बघायची आहे," मी म्हणालो.

ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तिला मी परत आल्यावर सांगितलं आणि आता इथे लिहितो आहे.

माझी पहिली नोकरी नागपूरची. वय चोवीस, एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर. मे महिना होता आणि एका दुमजली घराचा वरचा स्लॅब ओतायचा होता. त्याच संध्याकाळच्या गाडीने मला साताऱ्याला निघायचं होतं, माझ्या स्वतःच्या साखरपुड्याला. उन्हाने काँक्रीट घट्ट होत चाललं. गवंडी वरून ओरडला, "साहेब, माल सरकून नाही राहिला!" मी घड्याळ पाहिलं आणि मिक्सरवाल्याला सांगितलं, "पाणी वाढव." काँक्रीटमध्ये पाणी वाढवलं की ते सरसर पसरतं आणि कायमचं कमजोर होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. काम वेळेत उरकलं. गाडी मिळाली.

आठ दिवसांनी परत आलो, साइटवर सगळ्यांना पेढे वाटले आणि वर गेलो तर स्लॅबवर भेगा, आटलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा. घरमालकाने खिशातली किल्ली काढली आणि तिचं टोक भेगेत घालून दाखवलं. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तराई झाली नाही."

तराई म्हणजे आपल्याकडे ज्याला पाणी मारणं म्हणतात ते. ओतलेलं काँक्रीट पुढचे काही दिवस सतत ओलं ठेवावं लागतं, नाहीतर ते तडकतं. तिथे हे काम शेवंताबाई नावाची मजूर बाई करत होती. भिवापूरकडची, माझ्याच वयाची. नवरा आणि लहान मुलासह ती साइटवरच्या टिनाच्या खोलीत राहायची. ठेकेदाराने तिला बोलावून जाब विचारला. ती एक शब्द बोलली नाही, खाली मान घालून उभी राहिली. संध्याकाळपर्यंत त्यांची खोली रिकामी झाली होती. आधीचं पाणी जास्त झालं होतं आणि दोष मी नंतरच्या पाण्याला दिला होता.

गेली कित्येक वर्षं मी वर्गात मुलांना सांगत आलो आहे, की काँक्रीटमध्ये पाणी वाढवणं हा गुन्हा आहे. या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही कधी वाढवलंय?" वर्ग हसला. मीही हसलो आणि "छे" म्हणालो. त्याच आठवड्यात मी नागपूरचं तिकीट काढलं. शेवंताबाई कुठे असेल, असेल की नाही, काही माहीत नव्हतं. नुसतं नाव घेऊन निघालो.

वर्धा रोड

स्टेशनवर प्रमोद वानखेडे घ्यायला आला होता. आम्ही एकाच ठेकेदाराकडे होतो, तो दुसऱ्या साइटवर सुपरवायझर. आता वर्धा रोडवर चौदा मजल्यांची एक इमारत उभी करायचं काम त्याच्याकडे आहे. केस गेले आहेत, आवाज तोच आहे.

"अबे जाधव, किती दिवसांनं गा! पह्यले पोहे खा. बाकीचं मग."

जानेवारीची सकाळ होती. ठेल्यापाशी लोक मफलर गुंडाळून, बशा हातात घेऊन उभे होते. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री. मी मिसळीच्या सवयीने दोन डाव ओतून घेतली आणि पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं.

"रस्सा नाही बापा तो, तर्री हाय. बेतानं," प्रमोद म्हणाला आणि ठेलेवाल्याला ओरडला, "साताऱ्याचे पाहुणे हायेत, मुरमुरे टाक त्याईले!"

मग त्याने मला मुद्दाम मेट्रोनेच नेलं. पंचवीस वर्षांपूर्वी हा रस्ता म्हणजे दोन्हीकडे निंबाची झाडं आणि मधून धावणारे ट्रक. आता रस्त्याच्या मधोमध एकच खांबांची रांग आहे आणि तिच्या अंगावर दोन मजले आहेत. खाली गाड्यांचा उड्डाणपूल, त्याच्या वर मेट्रो. रस्ता रुंद करायला जागा नव्हती, म्हणून एकाच खांबावर दोघांचा भार टाकला. शिकवणाऱ्या माणसाला हे किती सुंदर वाटतं, ते मला सांगता येणार नाही. खांब वर जाताना हात पसरावेत तसे दोन्हीकडे पसरतात, त्या हातांवर उड्डाणपूल बसतो आणि मधूनच तो खांब पुन्हा एकटा वर निघतो. मी काचेला नाक लावून बसलो होतो. समोरची बाई संत्रं सोलत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

प्रमोदची इमारत पाहून मी खरोखर खूश झालो. आमच्याकडे घर बांधतात ते पावसाच्या धाकाने. उतार, पागोळ्या, भिंतीत ओल चढू नये याची काळजी. इथली नवी घरं उन्हाच्या धाकाने बांधलेली आहेत. आतापर्यंत चढलेल्या मजल्यांची पश्चिमेची अख्खी बाजू भाजलेल्या मातीच्या जाळीने झाकली होती, आणि जाळी व भिंत यांच्यामध्ये माणूस चालेल एवढी जागा. ऊन जाळीवर थांबतं, वारा आत येतो. पहिल्या मजल्यावरच्या उघड्या गच्चीवर पांढऱ्या फुटक्या फरशांचे तुकडे जडवले होते. प्रत्येक घराच्या खिडकीबाहेर एक खोलगट ओटा होता, त्याचं प्रयोजन मला कळेना.

"कूलरसाठी," प्रमोद म्हणाला.

"पण सगळ्या खोल्यांत एसीची सोय आहे ना?"

"हाय ना. पन नागपूरच्या मानसाले कूलर पाह्यजेच. वाळ्याचा वास नाही आला तर उन्हाळा लागला असं वाटतच नाही त्याले. आर्किटेक्ट मुंबईचा होता. तो म्हने, काहून पाह्यजे? म्या म्हनलं, एक मे महिना राहून पाह्य इथी, मग बोल. राह्यला पंधरा दिवस. गेला तो नकाशात ओटा काढून देऊनच."

नवव्या मजल्यावर नुकतेच ओतलेले खांब ओल्या बारदानाने गुंडाळलेले होते. बारदान संपतं त्याच्या खाली, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर, प्रत्येक खांबावर विटेच्या तुकड्याने ओढलेल्या रेघा होत्या. सरळ, सारख्या, चारचारचे गट, गटांमध्ये बोटभर अंतर. मी वाकून पाहिलं. पुढच्या खांबावर तशाच. त्याच्या पुढच्यावरही. खांबावर ओतल्याची तारीख लिहितात हे ठाऊक होतं, पण रेघा मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"तराईच्या रेघा त्या," प्रमोद म्हणाला. "पानी मारलं का एक रेघ. दिवसाच्या चार. हिवाळ्यातबी चारच. मी म्हनलं, थंडीत तीन चालते, तर रेजा ऐकून नाही राहिल्या." रेजा म्हणजे बांधकामावरच्या मजूर बायका. "मले कोनाले विचारावं लागत नाही. खालून वर चालत जातो, रेघा पाह्यतो, बस. आता दुसऱ्या साइटवरबी दिसते हे."

"फार सुंदर पद्धत आहे," मी मनापासून म्हणालो. वहीत तिचं चित्रही काढलं. वर्गात दाखवायचं ठरवलं. "कुणी सुरू केली?"

"आमची मुकादम बाई हाय, तिनं. शेवंताबाई. तू त्या वेळेस होता ना गा? त्या घराच्या स्लॅबले भेगा पडल्या होत्या, तराई नाही केली म्हनून काढलं होतं तिले. मग कोनी कामच देऊन नाही राहिलं. कामठीकडे दुसऱ्याच्या हाताखाली गेली. तवापासून ती रेघ मारते. मी तर नव्या पोरायले तिची गोष्ट सांगतो. म्हनतो, एकदा चुकली बाई, पन चुकीपासून शिकली तर अशी शिकली."

पेन माझ्या हातात होतं. वहीत रेघांचं चित्र होतं. खालच्या मजल्यावर एक बाई साडीवर पुरुषी शर्ट चढवून, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून, पाण्याचा पाइप ओढत चालली होती. प्रमोदने बोट दाखवलं. "ती पाह्य. बोलावू का?"

"नको," मी म्हणालो. "कामात आहे."

चोविसाव्या वर्षी मी जे केलं होतं, तेच पुन्हा केलं. खरं सांगितलं नाही.

गड्डीगोदाम आणि पुढे

दुसऱ्या दिवशी प्रमोदला साइटवर काम होतं. मी एकटाच कामठी रोडवर गेलो. गड्डीगोदामला एक जागा आहे, तिथे खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वेचे रूळ, त्यांच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो. चार मजले, आणि चारही चालते. रुळांवरून गाड्यांची ये-जा चालू असताना त्यांच्या डोक्यावर पोलादाचा एवढा मोठा सांगाडा बसवला, आणि तो बसवणाऱ्यांचे हात थरथरले नसतील का, या विचाराने मी मान वर करून उभा राहिलो. टोपी मागे पडली ती उचलायला वळलो, तर एक म्हातारे गृहस्थ ती झटकून माझ्या हातात देत होते. कामठीचे होते, विणकर. यंत्रमागाचा एक भाग दुरुस्त करून घ्यायला आले होते.

"काय पाहून राहिले?"

"हे चार मजले."

"पाहा, पाहा. पह्यले पाहुने आले का आमी त्याईले महाराजबाग दाखवत होतो, वाघ पाहाले. आता इथी आनतो. फक्त एक ध्यानात ठेवा साहेब. खालून जाल तर वर पाहा, वरून जाल तर खाली पाहू नका. माह्या बायकोनं पाह्यलं, अन् कामठी येईपर्यंत डोये नाही उघडले."

वरून मेट्रो गेली, तिच्या खालून मालगाडी. दोन्ही एकाच वेळी. म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती वेळ त्यानेच जुळवून आणली होती.

तिथून मी ते घर शोधायला गेलो. ले-आउट, म्हणजे तिकडची प्लॉट पाडलेली वसाहत, सापडलं, कोपऱ्यावरचं पिंपळाचं झाड सापडलं, घर नव्हतं. त्या जागी काचेच्या दर्शनी भागाची एक नवी, नीटस इमारत उभी होती. वर शिकवणीचे वर्ग, खाली चष्म्याचं दुकान. माझा स्लॅब मलबा होऊन कुठल्या तरी खड्ड्यात गेला होता. आधी मला बरं वाटलं. आता कुणी कधी तपासू शकणार नाही, असं मनात आलं. ते मनात आलं याचीच मग इतकी लाज वाटली, की चष्म्याच्या दुकानातला माणूस "काही पाह्यजे का?" म्हणत बाहेर आला तेव्हा मी तोंड फिरवून तिथून चालू लागलो.

दुपारी प्रमोद मला दीक्षाभूमीला घेऊन गेला. तिथला पांढरा घुमट मी पूर्वी अर्धवट बांधून झालेला पाहिला होता. आता आत जाऊन बसलो. एवढा मोठा घुमट, आणि त्याच्याखाली बोललं तर आपला आवाज आपल्याला लहान वाटतो. तिथे मी प्रमोदला सगळं सांगितलं. मिक्सर, घड्याळ, पाणी, किल्ली. क्रमाने सांगितलं, मधे थांबलो नाही.



"मी पोरायले तिची गोष्ट सांगत होतो गा," प्रमोद म्हणाला. "दहा वर्सं. तिच्यासमोर. ती उभी राहून ऐके."

त्याने मान वर करून घुमटाकडे पाहिलं.

"माह्या आजानं इथीच उभं राहून शपथ घेतली होती. छप्पन साली. बावीस प्रतिज्ञा. त्यातली एक हाय, मी खोटं बोलनार नाही." तो उठला, बाहेर येऊन पायांत चपला सरकवल्या. "तुले काही म्हनून नाही राहिलो मी. मले आठवलं, म्हनून सांगितलं."

गाडीत बसल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला. "उद्या तुही गाडी किती वाजता हाय?"

"संध्याकाळी सहाला."

"दुपारी जेवाले साइटवर ये."

नववा मजला

रेजा जाळीच्या सावलीत जेवायला बसल्या होत्या. पाच जणी. डबे मधोमध उघडे होते: ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, आणि एका स्टीलच्या डबीत भिवापुरी मिरचीचा ठेचा. त्या लाल रंगाकडे पाहूनच मला परवाचे पोहे आठवले. प्रमोद जिन्यापाशीच थांबला.

शेवंताबाईंचे केस पांढरे झाले आहेत. बाकी चेहरा मी कुठेही ओळखला असता.

"बाई, मला ओळखलंत?"

"नाही बापा. कोन तुमी?"

"जाधव. तुम्ही पूर्वी एका दुमजली घरावर होतात, तिथे मी इंजिनिअर होतो. आता साताऱ्याला शिकवतो."

त्यांनी घास खाली ठेवला आणि नीट निरखून पाहिलं. "जाधव साहेब! किती बारके होते वं हे," त्या शेजारणीला म्हणाल्या. "उन्हाले भिऊन छत्री घेऊन फिरत. पार स्लॅबवरबी छत्री." सगळ्या हसल्या. "तुमचा साखरपुडा झाला होता तवा. पेढे वाटले होते. माह्या पोरानं दोन खाल्ले होते. बायको बरी हाय ना?"

पेढ्यांचा पुडा तेव्हाही माझ्या बॅगेतच होता. तो मी बाहेर काढला नाही.

"बाई, त्या स्लॅबच्या भेगा तुमच्यामुळे पडल्या नव्हत्या," मी म्हणालो. "मला गाडी गाठायची होती, म्हणून मी मिक्सरमध्ये पाणी वाढवायला सांगितलं. त्यानेच स्लॅब खराब झाला. तुमची तराई बरोबर होती. मला ते तेव्हाही माहीत होतं, आणि मी खोटं बोललो."

 खाली कुठे तरी हातोडीचे ठोके चालू होते.

"परत सांगा," शेवंताबाई म्हणाल्या.

मी परत सांगितलं.

"त्या दुपारी मी गेल्ती," त्या हळू म्हणाल्या. "स्लॅबच्या तिसऱ्या दिवशी. पोराले ताप होता. त्याले दवाखान्यात घेऊन गेली. दोन घंटे स्लॅब कोरडा राह्यला. ऊन असं, का पाय ठेववत नव्हता. त्यानंच भेगा पडल्या, असं मी समजून होती."

"दोन तासांनी काही होत नाही बाई. तशा भेगा पडत नाहीत."

"म्हनून तर मी तवा बोलली नाही. काय बोलू? मले वाटलं, साहेबाले मालूम पडलं."

म्हणजे पंचवीस वर्षं मी समजत होतो की ती भीतीने गप्प राहिली. मी माझ्या गुन्ह्याची जी कल्पना केली होती, तीही खरी नव्हती. तिने माझं खोटं सोसलं नव्हतं, ते खरं मानलं होतं.

"माहा नवरा मरेपर्यंत टोमणा मारे," शेवंताबाईंचा आवाज आता चढला. "भाजीत मीठ कमी पडलं तरी तेच. तुह्या दोन घंट्यापायी काम गेलं, खोली गेली. मरतानाबी त्याच्या डोक्यात तेच होतं. तो तर गेला! आता त्याले कोन सांगन? तुमी जाल का सांगाले?"

"नाही," मी म्हणालो. 

"अन् मी पोराले सांगितलं होतं. हासत सांगितलं, पन सांगितलं. तुह्या तापानं काम गेलं रे माह्यं म्हनून." त्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला. "त्याले सांगा. आत्ता सांगा."

मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात असतो. त्याची जेवणाची सुट्टी चालू होती. त्यांनी फोनचा आवाज मोठा करून तो माझ्या तोंडासमोर धरला. वर्गात मी तासनतास बोलतो. या माणसाला मी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि त्याच्या तापाबद्दल मला त्याच्याशी बोलायचं होतं. मी माझं नाव सांगितलं. मग म्हणालो, "तुमच्या आईचं काम तुमच्या आजारपणामुळे गेलं नव्हतं. माझ्यामुळे गेलं. चूक माझी होती आणि मी ती त्यांच्यावर ढकलली."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. 

"आई कुठी हाय?" त्याने विचारलं.

"इथेच आहे."

"तिले द्या फोन." माझ्याशी तो याहून एक शब्द जास्त बोलला नाही, आणि त्याने का बोलावं?

त्या फोन घेऊन जाळीपाशी गेल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. त्यांची पाठ दिसत होती, हेल्मेट दिसत होतं, आणि जाळीच्या भोकांमधून आलेलं ऊन त्यांच्या शर्टावर ठिपक्याठिपक्यांनी पडलं होतं. परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. बाकीच्या बायकांनी डबे झाकून ठेवले होते.

"मला माफ करा," मी म्हणालो. ते शब्द मी साताऱ्याहून गाडीत बसल्यापासून घोकत होतो. मोठ्याने म्हटल्यावर अगदी किरकोळ वाटले.

"ते माफीचं मले नाही समजत साहेब," शेवंताबाई म्हणाल्या. "राग हाय मले. तो राहीन. आता तो तुमच्यावर राहीन, एवढं झालं."  मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "माही एक बाई आज आली नाही. चार वाजताचं चौथं पानी माराले कोनी नाही. मारता येते का, का नुसतं शिकोताच?"

एक रेजा फिसकन हसली. जिन्यावरून प्रमोद म्हणाला, "द्या, द्या त्याले पाइप."

चार वाजता बूट काढून मी पाइप घेतला. काँक्रीटवर अनवाणी उभं राहण्याची माझी ती पहिलीच वेळ. जानेवारीतही ते तळव्यांना कोमट लागत होतं. स्लॅबवर वाळूचे छोटे बांध घालून वाफे केले होते, शेतात असतात तसे. प्रत्येक वाफा भरायचा, मग पुढचा. खांबांच्या बारदानावर वरून पाणी सोडायचं, ते खालपर्यंत काळं पडेतो. सोपं दिसतं. अर्ध्या तासात खांदे भरून आले, पँट गुडघ्यापर्यंत भिजली, आणि पाइपाची गुंडाळी पायात येऊन मी एकदा गुडघ्यावर आपटलो. कुणी उचलायला आलं नाही. नवव्या मजल्यावरून शहर दिसत होतं: खांबांच्या त्या लांब रांगेवरून सरकणारी मेट्रो, आणि क्रेनांची टोकं, मोजता येणार नाहीत इतकी. या सगळ्याला कुणी तरी असंच पाणी घातलं असेल.

"कामठी रोडचे खांब दिसले का तुमाले?" शेवंताबाई मागे येऊन उभ्या होत्या. "तिथीबी होती मी. पुष्कळ खांबायले पानी पाजलं. आता त्याच्यावरून जाते मेट्रोनं, तर खाली पाह्यते. हा माहा, हा माहा."

पाच वाजता प्रमोदने हाक मारली. "जाधव, निघा लागते गा. स्टेशन दूर हाय."

"झालं माझं," मी म्हणालो आणि विटेचा तुकडा उचलला.

"थांबा," शेवंताबाई म्हणाल्या.

त्या अनवाणी पायांनी सगळा स्लॅब चालून आल्या. डोळ्यांनी फारसं पाहत नव्हत्या, तळव्यांनी पाहत होत्या. जिन्याच्या मागे शेवटचा वाफा होता, तिथे थांबल्या आणि अंगठ्याने काँक्रीट चाचपलं.

"हा कोपरा कोरडा हाय. रेघ नाही भेटत."

मी विटेचा तुकडा खाली ठेवला. पाइप त्या कोपऱ्यापर्यंत पुरत नव्हता. खालून बादलीने पाणी आणावं लागणार होतं.

"अबे, गाडी जाईन!" प्रमोद ओरडला.

"जाऊ दे," मी म्हणालो.

चार बादल्या लागल्या. शेवटची ओतली तेव्हा ऊन जाळीवरून उतरलं होतं. शेवंताबाईंनी पुन्हा तिथे पाय ठेवला, जरा वेळ ठेवलेला राहू दिला. मग वाकून विटेचा तुकडा उचलला आणि खांबावर चौथी रेघ ओढली. आधीच्या तीन रेघांएवढीच, ना लहान ना मोठी.